झिंक घ्यायचं तर कोणतं? नागपूरच्या मेडिकलमधल्या गोळ्या, सिरप आणि इम्युनिटीच्या डब्यांचं परीक्षण

मेडिकल चौक असो, धंतोली असो की सीताबर्डी, कोणत्याही बऱ्या मेडिकलमध्ये नुसतं ‘झिंक द्या’ म्हटलं की काउंटरवर चार-पाच तऱ्हेचा माल येतो. लहान मुलांची पाण्यात विरघळणारी 20 मिग्रॅची गोळी, तेच औषध सिरपच्या बाटलीत, बी-कॉम्प्लेक्ससोबत झिंक असलेली कॅप्सूल, मोठ्यांची 50 मिग्रॅवाली गोळी, आणि संत्र्याच्या चवीची, व्हिटॅमिन सी घातलेली चघळायची गोळी, जिच्या डबीवर हमखास ढाल काढलेली असते. झिंक सगळ्यांवर लिहिलेलं असलं तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यांत भक्कम संशोधन आहे ते त्या साध्या, स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या 20 मिग्रॅच्या गोळीमागे. ढालवाली डबी पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात मागे आहे.

याचं कारण झिंकच्या स्वभावातच आहे. शरीरात कमी असलं की प्रतिकारशक्ती खरोखर ढासळते: थायमस ग्रंथी आक्रसते, संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी कमी पडतात, आतड्याचं अस्तर कच्चं राहतं, जखमा भरत नाहीत. ही कमतरता भरून काढली की फरक दिसतो. पण ज्याच्या अंगात झिंक पुरेसं आहे त्याला आणखी दिल्याने शक्ती चढत नाही, आणि पुढे तर उलटच होतं. हे सगळं ज्ञान फार जुनंही नाही. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथे त्यांना वाढ खुंटलेली, वयात न आलेली तरुण मुलं दिसली, जी रोज बिनखमिराची पोळी आणि सोबत माती खात होती. त्यावरून सुरू झालेला शोध पुढे इजिप्तमध्ये 1963 च्या सुमारास पक्का झाला, की माणसातही झिंकची कमतरता होते. तोवर वैद्यकशास्त्र ते मानायला तयार नव्हतं. पुढे अमेरिकेत 1974 मध्ये झिंकला अत्यावश्यक पोषकद्रव्य म्हणून मान्यता मिळाली.

आपल्याकडे कमतरता किती? 2016-18 च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या 19 टक्के, 5 ते 9 वर्षांच्या 17 टक्के आणि 10 ते 19 वर्षांच्या तब्बल 32 टक्के मुलांमध्ये झिंक कमी आढळलं. म्हणजे प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर घरात सगळ्यांनी रोज एक गोळी, हे नव्हे.

आता डबी हातात घ्या. पहिल्यांदा बघायचा आकडा एलिमेंटल, म्हणजे निव्वळ झिंकचा. झिंक कधी सुटं येत नाही, कुठल्या तरी क्षारात बांधलेलं येतं. क्षाराचं वजन वेगळं, आतल्या झिंकचं वेगळं. झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये साधारण 36 टक्के झिंक असतं, हेप्टाहायड्रेट सल्फेटमध्ये 23, अ‍ॅसिटेटमध्ये 30, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम 14 आणि ऑक्साइडमध्ये 80. म्हणून मुलांच्या गोळीच्या पत्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर, बारीक अक्षरात झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 54.9 मिग्रॅ आणि त्यापुढे ‘एलिमेंटल झिंक 20 मिग्रॅ’ असं छापलेलं असतं. हे पत्ता मागे वळवून दिव्याखाली धरल्याशिवाय वाचता येत नाही, तरी वाचायलाच हवं. 50 मिग्रॅ ग्लुकोनेटमधून प्रत्यक्षात 7 मिग्रॅ झिंक मिळतं, तर 220 मिग्रॅ हेप्टाहायड्रेट सल्फेटमधून 50. डबीच्या दर्शनी बाजूचा ठळक आकडा क्षाराचा आहे की झिंकचा, हे न कळता घेतलेली गोळी एकतर पाण्यात जाते किंवा जास्त होते. ज्या डबीवर एलिमेंटल आकडाच नाही, ती परत करा.

तुलनेसाठी दोन आकडे ध्यानात ठेवा. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत मोठ्या पुरुषाची रोजची गरज 17 मिग्रॅ, बाईची 13.2 मिग्रॅ. अन्न आणि गोळ्या मिळून ओलांडू नये अशी वरची मर्यादा 40 मिग्रॅ. अमेरिकेचे आकडे, म्हणजे 11 आणि 8, यापेक्षा कमी आहेत. आपलं जेवण धान्य-डाळींचं आहे आणि त्यातलं फायटेट झिंकला अडवून धरतं, म्हणून इथली शिफारस वाढीव आहे.

दुसरं बघायचं ते लायसन्स. औषध म्हणून बनलेल्या मालावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. फूड सप्लिमेंट म्हणून बनलेल्या मालावर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह, 14 आकडी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. दोन्ही एकाच कपाटात, कधी कधी एकाच कंपनीच्या नावाने शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात. आजारासाठी डॉक्टरांनी झिंक लिहिलं असेल तर पहिल्या प्रकारचाच माल घ्या.

आता मुलांची 20 मिग्रॅची विरघळणारी गोळी. नागपुरात पहिला जोराचा पाऊस पडला की आठवड्या-दोन आठवड्यांत जुलाबाची मुलं ओपीडीत वाढतात, आणि तेव्हा ही गोळी ओआरएसच्या बरोबरीने घरात असलीच पाहिजे. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, गावाकडे पीएचसीत आणि आशाताईकडे ती ओआरएसच्या पुड्यांसोबत मिळते. मेडिकलमध्येही पत्ता स्वस्त असतो. तिच्यामागचा पुरावा आपल्याच देशातून आलेला आहे. दिल्लीत 937 मुलांवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झिंक घेणाऱ्या मुलांमध्ये जुलाब लांबण्याची शक्यता 23 टक्क्यांनी कमी झाली. अशा अनेक अभ्यासांनंतर 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्र सांगितलं की जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत 10 ते 14 दिवस झिंक द्या. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत चित्र जास्त नेमकं झालं. सहा महिन्यांवरच्या मुलात जुलाब सरासरी अर्धा दिवस लवकर थांबतात, कुपोषित मुलात सुमारे एक दिवस, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात फायदा फारसा दिसत नाही. अर्धा दिवस ऐकायला थोडा वाटतो. पण जे मूल दिवसातून दहा वेळा शी करतंय त्याच्या अंगातलं किती पाणी त्या अर्ध्या दिवसात वाचतं, ते ज्याने सुकलेलं बाळ पाहिलंय त्याला कळतं.

देण्याची रीत अशी. पाच मिलीच्या चमच्यात उकळून गार केलेलं पाणी किंवा आईचं दूध घ्या, गोळी त्यात सोडा आणि थांबा. चांगली गोळी मिनिटाभरात आपोआप मोकळी होऊन दुधाळ पाणी होतं. तीन मिनिटांनीही मधोमध कडक गाठ राहत असेल तर पत्त्यात दमट हवा शिरलेली आहे किंवा माल हलका आहे, बदलून घ्या. बोटाने चिरडू नका. चिरडली की चवीवरचं आवरण तुटतं, धातूची कडवट चव वर येते आणि मूल थुंकतं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक पूर्ण गोळी, 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला अर्धी. अर्धी करायची तर कोरडी असताना, मधल्या रेघेवर मोडायची. पूर्ण गोळी विरघळवून अर्धा चमचा पाजणं चूक, कारण तळाशी बसलेलं औषध तळाशीच राहतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब लागले तर घरी काही देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकलं तर एकदा पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही ओकलं तर त्या दिवशी पुरे.

इथे एक मोठी चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते: जुलाब थांबले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळी बंद. जुलाबात शरीरातून गेलेलं झिंक तेवढ्यात भरून निघत नाही. पूर्ण कोर्समुळे पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा होण्याचं प्रमाणही घटतं, आणि खरा फायदा तिथेच आहे. आपल्याकडे 14 दिवस सांगतात. 14 गोळ्या मोजून घ्या आणि संपवा.

या गोळीचा दोष एकच, उलटी. त्यावरही आता चांगलं काम झालंय. दिल्ली आणि टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये मिळून 4,500 मुलांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20, 10 आणि 5 मिग्रॅ अशा तीन मात्रांची तुलना झाली. जुलाब थांबण्यात कमी मात्रा मागे पडल्या नाहीत. दिल्यानंतर अर्ध्या तासात उलटी होणाऱ्या मुलांचं प्रमाण मात्र 20 मिग्रॅला 19.3 टक्के, 10 ला 15.6 आणि 5 ला 13.7 टक्के होतं. म्हणून पोटात काही टिकतच नाही अशा मुलासाठी डॉक्टरांनी 10 मिग्रॅ लिहिलं तर ‘कमी का दिलं?’ म्हणून वाद घालू नका, ते बरोबर आहे.

सोबत ओआरएस हवंच, झिंक एकटं काही वाचवत नाही. ओआरएसच्या पुड्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असावं आणि मोठा पुडा पूर्ण एक लिटर पाण्यात घालावा. टेट्रापॅकमधली गोड पेयं इतकी वर्षं ओआरएस हा शब्द लावून विकली जात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने तो शब्द वापरायला मनाई केली. जुना माल अजून कुठे दिसला तर उचलू नका, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात.

सिरपचं परीक्षण थोडक्यात. औषध तेच, सोय जास्त, गडबडही जास्त. काही बाटल्यांत 5 मिलीत 20 मिग्रॅ असतं, काहींत 5 मिलीत 10. बाटली बदलली की मात्रा बदलते आणि घरात ‘एक चमचा’ तोच चालू राहतो. घरचा पोह्यांचा चमचा पाच मिलीचा नसतो, टोपणासोबत आलेलं माप वापरा. 60 मिलीची बाटली घेतली तर रोज 5 मिलीप्रमाणे ती 12 व्या दिवशी संपते आणि शेवटचे दोन दिवस राहून जातात. 100 मिलीची घ्या किंवा गोळीच घ्या. आम्ही गोळीच सुचवतो: उघडी बाटली मे महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली की तिचा भरवसा उरत नाही. नागपूरच्या 45 अंशांत गोळीचा पत्तासुद्धा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

बी-कॉम्प्लेक्स आणि झिंकच्या कॅप्सूलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तापातून उठलेल्या माणसाला ती दहा-पंधरा दिवस लिहून दिली जाते आणि मग सवयीने वर्षभर चालते. त्यात झिंक साधारण रोजच्या गरजेइतकं असतं, त्यामुळे अपाय सहसा नाही, पण नीट जेवणाऱ्या माणसाला लाभही नाही. लोह आणि झिंक एकाच गोळीत असेल तर मात्र विचार करा. दोघांची आतड्यातली वाट एकमेकांना नडते. गरोदर बाईला सरकारी लोहाची गोळी चालू असेल आणि झिंकही द्यायचं असेल, तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

क्षार कोणता चांगला? झुरिकमध्ये 15 निरोगी माणसांवर झालेल्या, 2014 च्या अभ्यासात सायट्रेट आणि ग्लुकोनेटमधलं सुमारे 61 टक्के झिंक शोषलं गेलं, ऑक्साइडमधलं 50 टक्के, आणि 15 पैकी तिघांनी ऑक्साइड जवळजवळ शोषलंच नाही. स्वस्त मल्टीव्हिटॅमिनमध्ये ऑक्साइड घालतात कारण ते कमी जागेत मावतं. आम्ही सल्फेट, अ‍ॅसिटेट किंवा ग्लुकोनेटच निवडू. सल्फेटने रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, एवढं ध्यानात असू द्या.

आता ढालवाली डबी. सर्दीवर झिंकचं संशोधन 1984 पासून चालू आहे, आणि त्यातलं जे काही आशादायक आहे ते घशात हळूहळू विरघळणाऱ्या, भरपूर झिंकच्या गोळ्यांचं आहे: दिवसाला 75 मिग्रॅच्या वर एलिमेंटल झिंक, सर्दी सुरू झाल्यावर चोवीस तासांच्या आत, जागेपणी दर दोन-तीन तासांनी एक गोळी. 2024 मध्ये आलेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, 34 अभ्यास आणि साडेआठ हजारांवर माणसं होती. निष्कर्ष असा: आधीपासून झिंक घेतल्याने सर्दी टळत नाही. सर्दी झाल्यावर घेतल्यास ती सुमारे दोन दिवस लवकर बरी होऊ शकते, पण पुरावा कमी विश्वासाचा आहे. मळमळ, तोंडात वाईट चव आणि पोटदुखी मात्र वाढते. बाजारातल्या चघळायच्या गोळीत झिंक बहुधा इतकं थोडं असतं की 75 चा आकडा गाठायला डबीच संपवावी लागेल. शिवाय संत्र्याच्या आंबट चवीसाठी घातलेलं सायट्रिक अ‍ॅसिड झिंकला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे घशात मोकळं झिंक आणखी कमी सुटतं. चव छान, काम नाही. मुलांना गोळ्या-बिस्किटांसारखी ही डबी हाती देणं तर बिलकूल नको.

नाकात मारायचे झिंकचे स्प्रे किंवा जेल कोणी बाहेरून आणून दिले तर ते फेकून द्या. 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा मालाविरुद्ध इशारा दिला होता, कारण ते वापरणाऱ्या अनेकांची वास घेण्याची क्षमता गेली होती आणि काहींची ती परत आलीच नाही.

कोविडच्या दोन लाटांत नागपूरकरांनी झिंक जेवढं खाल्लं तेवढं आधी कधी खाल्लं नसेल. प्रत्येक चिठ्ठीवर ते असायचंच. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास आला: घरीच उपचार घेणारे 214 रुग्ण, दहा दिवस झिंक ग्लुकोनेट 50 मिग्रॅ, किंवा व्हिटॅमिन सी 8,000 मिग्रॅ, किंवा दोन्ही, किंवा काहीच नाही. लक्षणं कमी व्हायला लागणाऱ्या दिवसांत फरक पडला नाही, आणि पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून अभ्यास मध्येच थांबवला. त्या काळात भीतीपोटी घेतलं, ते समजण्यासारखं आहे. पण तेव्हाची डबी अजून महिन्याच्या किराण्याच्या यादीत असेल तर ती काढून टाका.

मोठ्यांच्या 50 मिग्रॅवाल्या गोळीबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण विदर्भात तिचा एक खरा उपयोग आहे आणि एक खरा धोकाही. उपयोग सिकलसेलमध्ये, म्हणजे लालपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात. पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या लघवीतून झिंक जास्त वाहून जातं, आणि लालपेशी सतत फुटत असल्याने गरजही वाढते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अभ्यासात 145 रुग्णांना दीड वर्ष झिंक सल्फेट 220 मिग्रॅ दिवसातून तीनदा किंवा तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी दिली गेली. झिंकवाल्यांत वेदनेचे झटके लक्षणीयरीत्या कमी आले. 2008 मध्ये प्रसाद यांच्या गटाने 36 प्रौढ रुग्णांना तीन महिने रोज 25 मिग्रॅ तीनदा दिलं, तर संसर्ग घटले. लहान मुलांना रोज 10 मिग्रॅ दिल्यावर उंची थोडी जास्त वाढल्याचंही दिसलं आहे. पण युगांडातल्या जिंजा इथे 250 सिकलसेलग्रस्त मुलांना वर्षभर 10 मिग्रॅ दिलं, तेव्हा गंभीर संसर्गात काही फरक पडला नाही. मात्रा कमी पडली की मुलांमध्ये परिणामच वेगळा, हे अजून सुटलेलं नाही. म्हणून सिकलसेलमध्ये झिंक हा डॉक्टरांशी बोलून, रक्ततपासणी करत घ्यायचा उपचार आहे. सिकलसेलचं नेहमीचं औषध हायड्रॉक्सियुरिया बंद करून त्याच्या जागी झिंक हा पर्याय तर मुळीच नाही.

आता धोका. 220 मिग्रॅ तीनदा म्हणजे दिवसाला 150 मिग्रॅ एलिमेंटल झिंक, वरच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. इतकं झिंक आतड्यात आलं की तिथल्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन भराभर बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षाही तांब्याला जास्त घट्ट पकडतं. तांबं पेशीतच अडकतं आणि चार-पाच दिवसांत त्या पेशी झडल्या की शीवाटे निघून जातं. सिकलसेलसाठी असं झिंक घेणाऱ्या रुग्णातच 1978 मध्ये प्रसाद यांनी तांब्याची कमतरता नोंदवली. पुढे याच यंत्रणेचा उलटा उपयोग करून विल्सन आजारात, जिथे तांबं साचतं, झिंक औषध म्हणून देऊ लागले. पण बाकीच्यांत तांबं घटलं की हिमोग्लोबिन उतरतं, आणि न्युट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी प्रतिकारशक्तीच खाते. दुखणं लांबलं तर पायांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूची ही इजा गोळी थांबवली तरी पूर्ण भरून येईलच असं नाही. लोह देऊनही न हलणारा अ‍ॅनिमिया आणि घटलेल्या पांढऱ्या पेशी अशी जोडी दिसली तर रुग्णाला एक प्रश्न विचाराच: झिंक किती दिवसांपासून घेताय? डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याच्या आजारासाठी लिहिलेल्या कॅप्सूलचाही हिशेब यात धरा. 2001 मधल्या ज्या मोठ्या अभ्यासावरून त्या आल्या त्यात 80 मिग्रॅ झिंक होतं आणि नेमक्या याच कारणासाठी सोबत 2 मिग्रॅ तांबं घातलं होतं. तांब्याशिवाय आलेली तशी कॅप्सूल घेऊ नका.

म्हाताऱ्या माणसांचं काय, हे हमखास विचारलं जातं. 55 ते 87 वयाच्या 50 जणांना वर्षभर 45 मिग्रॅ झिंक दिलेल्या 2007 च्या अभ्यासात वर्षात निदान एक संसर्ग झालेल्यांचं प्रमाण झिंकवाल्यांत 29 टक्के, दुसऱ्या गटात 88 टक्के होतं. आकडे डोळे दिपवतात. पण माणसं पन्नास, आणि घेतलेली मात्रा वरच्या मर्यादेच्या पलीकडची. दात नाहीत, जेवण कमी, मांस-अंडी नाही, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, अशा आजी-आजोबांना 10 ते 15 मिग्रॅ तीन महिने देऊन बघणं रास्त आहे. धडधाकट साठीच्या माणसाला नको.

रक्तातलं झिंक तपासायचं का? रामदासपेठ, धंतोलीच्या बऱ्याच लॅब हा नमुना घेतात, पण रिपोर्टवर भरवसा ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. नमुना ट्रेस एलिमेंटच्या, म्हणजे सूक्ष्म धातू मोजण्यासाठीच्या, गडद निळ्या टोपणाच्या नळीत घेतला का? साध्या नळीच्या रबरातून झिंक मिसळतं आणि आकडा खोटा चढतो. सकाळी उपाशीपोटी घेतला का? जेवणानंतर आणि दुपारी पातळी उतरते. आणि अंगात ताप किंवा संसर्ग आहे का? असेल तर झिंक रक्तातून यकृताकडे सरकतं आणि कमतरता नसतानाही रिपोर्ट कमी येतो. नमुना नेताना लालपेशी फुटल्या तर आकडा पुन्हा वर. सकाळच्या उपाशीपोटी नमुन्यात बाईसाठी 70 आणि पुरुषासाठी 74 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमी समजायचं. तापातल्या माणसाची ही तपासणी पैसे वाया घालवणारी आहे.

गोळीआधी ताट बघा. संत्र्यात झिंक जवळजवळ नाही, त्यामुळे नागपूरकराने त्या भरवशावर राहू नये. तीळ, काजू, शेंगदाणे, अंडी आणि मटण हे खरे स्रोत, आणि मांसातलं झिंक सहज शोषलं जातं. शाकाहारी घरात मटकी, हरभरा रात्रभर भिजवून मोड आणा, भिजवलेलं पाणी टाका, इडली-ढोकळ्याचं पीठ नीट आंबवा. यातून फायटेट घटतं आणि त्याच डाळीतलं झिंक जास्त हाती लागतं.

गोळी घ्यायचीच असेल तर जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. मळमळत असेल तर पोळी-वरणासोबत घेऊ नका, दोन घास साध्या भातावर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत नको. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन अशी प्रतिजैविकं चालू असतील तर ती झिंकच्या दोन तास आधी घ्या किंवा चार ते सहा तास नंतर. एकत्र पोटात गेली की एकमेकांना बांधतात आणि संसर्गाचं औषधच निकामी होतं. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांनी ती गोळी झिंकच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात जाताना घरातल्या मल्टीव्हिटॅमिनची डबी सोबत न्या आणि समुपदेशकाला दाखवा, कारण त्या डबीत झिंक आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं.